‘कलरिंग बुक’च्या श्रवणसत्राची तयारी : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

आमच्या श्रोता मंडळाच्या मार्च महिन्याच्या बैठकीत चान्स द रॅपर याचा ‘कलरिंग बुक’ हा आल्बम ऐकवायचा असे ठरले असून, त्याचे निवेदन करण्याची आणि श्रोत्यांच्या हाती द्यायचे टिपण लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मंडळाचा रिवाज असा, की निवेदकाने आल्बम आधी पुरेसा मुरवून घ्यावा, त्याचे तपशील पडताळावेत आणि प्रत्येक टप्प्यावर काय ऐकले व काय वाटले याची तारीखवार नोंद ठेवावी. त्या रिवाजाला धरून ही वही सुरू करत आहे.

आज आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐकला. एकूण १४ गाणी आणि सुमारे ५७ मिनिटे. पहिल्या ऐकण्यात झालेला ग्रह इथे स्पष्ट लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण बैठकीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ग्रह तसाच होण्याची शक्यता आहे. आल्बम गोड वाटला, आणि तो गोडवा मला अंमळ जास्त झाला. रॅपमध्ये मला आजवर जे आवडत आले ते म्हणजे शब्दांचा मारा, कोरडा ठेका आणि बोलणाऱ्याच्या आवाजातली धार. इथे मात्र ट्रम्पेट, लहान मुलांचा क्वायर म्हणजे गायकवृंद आणि देवाचे आभार यांची एवढी रेलचेल आहे, की त्या गर्दीत रॅपरचा स्वतःचा आवाज पातळ पडतो. गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमधले भक्तिगायन, हा इथे वरून दिलेला मुलामा आहे की आतला धातूच तो आहे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे आणि पुढील कामाची दिशा याच प्रश्नावरून ठरवायची आहे.

९ फेब्रुवारी

आज प्रकाशनाचे तपशील एकत्र केले. चान्सचे पूर्ण नाव चान्सलर जॉनथन बेनेट. त्याचा जन्म १६ एप्रिल १९९३ रोजी शिकागोत झाला आणि शहराच्या दक्षिण भागातील वेस्ट चॅटम या वस्तीत तो वाढला. २०१२ मधील ‘१० डे’ आणि २०१३ मधील ‘अ‍ॅसिड रॅप’ हे त्याचे आधीचे दोन संग्रह त्याने कोणत्याही रेकॉर्ड कंपनीशी करार न करता लोकांना मोफत दिले होते. तिसरा संग्रह ‘कलरिंग बुक’ १३ मे २०१६ रोजी आला. पहिले दोन आठवडे तो केवळ अ‍ॅपल म्युझिकवर होता आणि त्या दोन आठवड्यांसाठी पाच लाख डॉलर मिळाल्याचे त्याने पुढे स्वतःच जाहीर केले. त्या वेळी दुकानात तो कोणत्याही रूपात विकत मिळत नव्हता. तरीही पहिल्याच आठवड्यात ५ कोटी ७३ लाख वेळा त्यातील गाणी ऐकली गेली आणि तो बिलबोर्ड २०० या अमेरिकेतील लोकप्रिय आल्बमच्या यादीत आठव्या क्रमांकावर आला. केवळ स्ट्रीमिंगवर असलेला आल्बम या यादीत येण्याची ही पहिलीच वेळ होती. विक्रीला नसलेल्या ध्वनिमुद्रणालाही ग्रॅमीसाठी पात्र ठरवणारा नियम त्याच वर्षी झाला, आणि १२ फेब्रुवारी २०१७ च्या समारंभात सर्वोत्तम रॅप आल्बमचा पुरस्कार याच आल्बमला मिळाला.

टिपणात ही माहिती चार ओळींत आटोपायची आहे. तिचा संगीताशी संबंध एवढ्यापुरताच, की कोणाला गायला बोलवायचे हे ठरवणारा कंपनीचा माणूस इथे नव्हता. श्रेयनामावलीत कान्ये वेस्ट, लिल वेन, जस्टिन बीबर अशी नावे आहेत आणि त्यांच्याच पंक्तीला ‘माय कझिन निकोल’ असे, आडनावाशिवाय, नात्यातल्या बहिणीचे नावही आहे. हे नाव मी टिपणात ठळक अक्षरांत छापणार आहे.

१३ फेब्रुवारी

गॉस्पेलविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय हा आल्बम ऐकवणे अन्यायाचे होईल असे आता मला वाटू लागले आहे, आणि त्याचे कारण शिकागो हे शहर आहे. ज्याला आज आपण गॉस्पेल म्हणतो त्या गायनाची घडण मोठ्या प्रमाणात याच शहरात, चान्स जिथे वाढला त्याच दक्षिण भागात झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर ब्लूज हा त्यांच्या सुखदुःखाच्या लौकिक गाण्यांचा प्रकारही आला व प्रार्थनेतील गाणेही आले. शिकागोतील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना त्या काळी संयत, युरोपीय वळणाचे गायन हवे होते. टाळ्या, घोष आणि अंगविक्षेप त्यांना गावंढळ वाटत.

या परिस्थितीत थॉमस डॉर्सी हा माणूस उभा राहतो. त्याचा जन्म १८९९ मध्ये जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका येथे झाला. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो ब्लूजचा पियानो वाजवीत असे, विख्यात गायिका मा रेनी हिच्या साथीला तो होता, आणि १९२८ मध्ये टॅम्पा रेड याच्याबरोबर केलेले त्याचे एक चावट गाणे अतिशय गाजले होते. हाच माणूस पुढे ब्लूजचे स्वर, त्याची लय आणि त्यातली खासगी कळ घेऊन चर्चमध्ये गेला. बऱ्याच धर्मोपदेशकांनी त्याला दारातूनच परत पाठवले. १९३१ मध्ये एबनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याने गॉस्पेल गाणाऱ्यांचा वृंद उभा केला आणि १९३२ पासून पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या वृंदाची धुरा त्याच्याकडे आली, ती त्याने कित्येक दशके वाहिली.

त्याच १९३२ सालच्या ऑगस्टमध्ये डॉर्सी सेंट लुईस येथे गायनासाठी गेला असताना त्याची पत्नी नेटी बाळंतपणात वारल्याची तार त्याला मिळाली. तो घरी पोहोचला तेव्हा मूल जिवंत होते. तेही लवकरच गेले. ज्या देवाचे गाणे आपण गावोगाव नेले त्यानेच हे करावे, या विचाराने त्याचे गाणे थांबले. पुढे थोड्याच दिवसांत, एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर बेतलेले ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणे त्याच्याकडून झाले. पुढील काळात मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते अत्यंत आवडते गाणे होते आणि १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी ते गायले. महालियाही शिकागोच्याच म्हणायच्या. न्यू ऑर्लिन्समधून किशोरवयात त्या इथे आल्या होत्या.

हा इतिहास मी विस्ताराने उतरवून घेतला, कारण पहिल्या दिवशी मला जो गोडवा खटकला त्याचे मूळ इथे सापडेल असे वाटते. या गायनातला आनंद दुःख माहीत नसलेल्यांचा आनंद नाही. ज्याने मूल पुरले त्याच्या हातून ही परंपरा सुरू झाली. तेव्हा ‘कलरिंग बुक’मध्ये हे दुःख कुठे आहे, की ते गाळून फक्त उल्हास उचलला आहे, हे आता गाण्यागणिक तपासायचे.

१७ फेब्रुवारी

ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी आज मंडळाच्या खोलीतील मोठे स्पीकर जोडून दिले. फोनच्या छोट्या स्पीकरवर या आल्बममधला क्वायर एक सपाट भिंत होऊन येतो. मोठ्या स्पीकरवर तीच भिंत माणसामाणसांत सुटी होते. पहिल्या गाण्यात शिकागो चिल्ड्रन्स क्वायरची मुले आहेत, त्यांतले काही आवाज किंचित पुढे आणि काही मागे आहेत हे आज प्रथमच कळले. निको सीगलचा ट्रम्पेट मुलांच्या वरच्या अंगाने जातो आणि कान्ये वेस्टचा यंत्रातून काढलेला आवाज मधल्या पट्टीत राहतो. शिवाय चान्स या गाण्यात ज्या शब्दांनी तोंड उघडतो ते अनेकवचनी आहेत, हेही आज टिपले. बैठकीत हे गाणे मोठ्या स्पीकरवरच आणि चांगल्या आवाजात लावायचे.

२० फेब्रुवारी

आजचा सगळा वेळ ‘हाऊ ग्रेट’ या अकराव्या गाण्याला दिला, आणि माझ्या कानाला या आल्बमची वाट इथे सापडू लागली असे नोंदवतो.

गाणे सुरू होते आणि दोन मिनिटांहून अधिक काळ रॅपचे नाव नाही. निकोल आणि तिच्याबरोबरचे आवाज एक स्तुतिगीत गात राहतात. ते मूळ गीत टेक्सासचा गोरा गायक क्रिस टॉमलिन याचे, २००४ मधले, गिटारवर गायले जाणारे आणि आज असंख्य चर्चमध्ये सर्वांना तोंडपाठ असलेले आहे. इथे त्याची चाल ओळखू येते, पण अंग निराळे आहे. ओळ संपताना शेवटचा स्वर सोडून न देता गायिका त्याला वळसे देते, मागचे आवाज तिच्या अर्धा श्वास नंतर येतात, आणि पुन्हा तीच ओळ येते तेव्हा ती मागच्या वेळेपेक्षा चढी वाटते. ध्वनिमुद्रण मुद्दाम घासूनपुसून चकचकीत केलेले नाही. जणू आपण मागच्या बाकावर बसलो आहोत आणि गाणारे पुढे उभे आहेत, इतके अंतर त्यात ठेवले आहे.

रॅप ऐकणारा माणूस या दोन मिनिटांत अस्वस्थ होतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. ज्याचे नाव आल्बमवर आहे तो कुठे आहे, असे वाटत राहते. परंतु चर्चच्या गायनात मुख्य गायक आधी येत नाही; आधी सभा जमते, सूर स्थिर होतो आणि मग त्यातून कोणीतरी पुढे येतो. चान्सने स्वतःच्या आल्बममध्ये स्वतःला तेवढा वेळ बाहेर ठेवले आहे. शेवटी तो येतो तेव्हा क्वायरचे तुकडे त्याच्या मागे फिरत राहतात आणि बायबलमधील संदर्भांनी खच्चून भरलेल्या ओळी तो अतिशय वेगाने टाकतो. ज्या धारेची उणीव मला पहिल्या दिवशी भासली ती इथे आहे. त्याच्यानंतर ‘जे इलेक्ट्रॉनिका’ हा रॅपर येतो, आणि त्याचे कडवे तर अधिक गूढ, अधिक सावकाश आणि जड पावलांचे आहे.

मग मी मागे जाऊन सर्व गाण्यांना एकच प्रश्न विचारायचे ठरवले: इथे हाक कोण देतो आणि ओ कोण देतो? गॉस्पेलचा कणा हाच आहे. एकाने ओळ टाकायची, इतरांनी ती झेलायची, आणि झेलताना थोडी बदलून परत द्यायची. रॅप हा प्रकार बहुतांशी एकट्याच्या हिमतीवर उभा असतो; या आल्बममध्ये ती हिंमत कोणाच्या तरी उत्तरावर टेकलेली आहे. उत्तर देणारे बदलत जातात आणि त्या बदलांतच आल्बमचा अर्थ असावा, असा माझा अंदाज आहे.

२६ फेब्रुवारी

अंदाज खरा ठरला, तोही मी जिथे अपेक्षा केली नव्हती अशा गाण्यात.

तिसरे गाणे ‘समर फ्रेंड्स’. पहिल्या काही ऐकण्यांत ते मी सुखद, सुस्त, उन्हाळी गाणे म्हणून सोडून दिले होते. आज शब्द समोर ठेवून ऐकले. शिकागोत उन्हाळा हा मुलांच्या खेळण्याचा काळ आहे आणि तोच गोळीबाराचाही काळ आहे. उकाड्यामुळे माणसे रस्त्यावर असतात आणि मारामाऱ्याही रस्त्यावरच होतात. हा आल्बम आला त्या २०१६ सालात शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले, जवळजवळ दोन दशकांतील सर्वाधिक. चान्स आधी लहानपणच्या उन्हाळ्याचे तपशील देतो, गल्लीतली मुले, गोळ्याबिस्किटे, अंगणे. आणि मग आवाज जराही न चढवता सांगतो, की उन्हाळ्यातले मित्र टिकत नाहीत. शोकाचा कोणताही आविर्भाव त्यात नाही. एका काळी प्रत्येक गल्लीत इतकी मुले होती आणि आता नाहीत, इतके साधे हे विधान आहे.

आता त्याला उत्तर कोण देते ते पाहू. या गाण्यात क्वायर ऐकू येतो, पण तो क्वायर माणसांचा नाही. फ्रान्सिस अँड द लाइट्स या नावाने गाणाऱ्या गायकाचा एकच आवाज यंत्रातून नेऊन त्याचे अनेक स्वर केलेले आहेत. प्रिझमायझर या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया अशी चालते: गायक एक स्वर गातो, कीबोर्डवर त्याच वेळी स्वरसंघ धरला जातो, आणि त्या संघातील प्रत्येक स्वरावर गायकाचाच आवाज बसवून बाहेर पडतो. परिणामी दहा माणसे गात असल्यासारखे वाटते, पण सर्वांचा श्वास एकाच वेळी घेतला जातो, सर्वांची उच्चाराची ढब तंतोतंत एक असते, आणि कोणीही पुढेमागे होत नाही. पहिल्या गाण्यातल्या मुलांमध्ये जे किंचित पुढे-मागे होणे मी मोठ्या स्पीकरवर ऐकले होते, ते इथे शोधूनही सापडत नाही.

ज्या गाण्यात मित्र उरले नाहीत त्या गाण्यातला क्वायर एकाच माणसाचा आहे. हे ठरवून केले असेल किंवा त्या काळी ती प्रक्रिया नवी आणि सर्वांच्या आवडीची होती म्हणून सहज झाले असेल; आल्बम ऐकणाऱ्यासाठी परिणाम तोच आहे. पहिल्या गाण्यात शहरातली खरी मुले उत्तर देतात, आणि दोन गाण्यांनंतर उत्तर द्यायला कोणी नसल्यामुळे एकट्यालाच आपला प्रतिसाद स्वतः गावा लागतो. डॉर्सीच्या गाण्यातले दुःख या आल्बममध्ये कुठे आहे असा प्रश्न मी तेराव्या तारखेला विचारला होता. ते इथे आहे, आल्बमच्या अगदी सुरुवातीला, आणि त्यानंतरचा सगळा उल्हास त्याच्या पुढे चालून जातो.

हे लक्षात आल्यावर मी तेथूनच पुढचा आल्बम परत ऐकला आणि ‘ब्लेसिंग्ज’ हे पाचवे गाणे मला पूर्ण निराळे ऐकू आले. स्तुती वर गेली की आशीर्वाद खाली उतरतात ही कृष्णवर्णीय चर्चमधील जुनी म्हण त्याच्या ध्रुवपदात आहे आणि जमिला वुड्स ती अतिशय मृदू, जवळजवळ बोलल्यासारखी गाते. पूर्वी मला हे समाधानी माणसाचे गाणे वाटले होते. आता ते मोजदाद केल्यानंतरचे गाणे वाटते. सप्टेंबर २०१५ मध्ये चान्सला मुलगी झाली होती. आल्बमच्या मुखपृष्ठावर ब्रँडन ब्रो याने काढलेल्या चित्रात तो खाली पाहून हसतो आहे, आणि ज्या बाळाकडे तो पाहतो ते चित्राच्या चौकटीबाहेर त्याच्या हातात आहे. ज्या शहरात उन्हाळ्याला मुले कमी होतात त्या शहरात हा माणूस बाप झाला आहे. आनंदाचा अधिकार त्याने फुकट घेतलेला नाही.

२ मार्च

टिपणाचा पहिला मसुदा मंडळातील ज्येष्ठ सभासद काकांना वाचायला दिला होता. काका मूळचे अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, आणि घरातल्या दोन पिढ्या तिथल्या चर्चमध्ये गाणाऱ्या. रॅप त्यांनी कधी ऐकलेला नाही. डॉर्सीचा परिच्छेद वाचून ते म्हणाले, “अहो, यात नवल ते काय? आमच्याकडे टिळकांनी हेच केलं. साहेबाच्या चालीवरची गीतं मुकाट्यानं म्हणणाऱ्या माणसांच्या हातात त्यांनी अभंग दिला.”

त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि टिपणात त्याला जागा द्यायची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर ओवी, अभंग आणि भजन ही आपली घरचीच रूपे ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातून आजही गायली जातात. दोन्हीकडच्या परिस्थितीत मोठा फरक आहे. टिळकांनी आणलेला अभंग आधीच पवित्र मानला गेलेला होता, तर डॉर्सीने आणलेला ब्लूज दारूच्या गुत्त्यातला समजला जात होता, त्यामुळे त्याची वाट अधिक बिकट होती. परंतु ज्या सुरात माणूस घरी रडतो त्याच सुरात त्याला देवापुढे उभे राहता यावे, हा आग्रह दोघांचाही आहे. चान्सने त्याच वाटेवरून पुढचे पाऊल टाकले आहे; त्याच्या पिढीचा घरचा सूर रॅप होता, म्हणून त्याने रॅप आणला.

मी काकांना ‘हाऊ ग्रेट’ ऐकवले. क्वायरचा भाग संपून रॅप सुरू झाला तेव्हा ते थोडे सरसावून बसले, आणि गाणे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की “ही मुलगी रोज गाणारी आहे का?” हा त्यांच्याकडचा मोठाच अभिप्राय समजायचा.

५ मार्च

जी गाणी या रचनेत बसत नाहीत त्यांचाही निवाडा व्हायला हवा. ‘मिक्सटेप’ या सातव्या गाण्यात यंग थग आणि लिल याटी यांच्याबरोबर चान्स ट्रॅप या रॅपच्या उपप्रकाराच्या पद्धतीने गातो. तिथे हाक आहे, पण ओ नाही, आणि मला ते आजही या आल्बममधले सर्वांत कच्चे गाणे वाटते. ‘ऑल नाइट’ नाचायला उत्तम आहे, त्यापलीकडे मला त्यात काही सापडले नाही. ‘नो प्रॉब्लेम’ हे रेकॉर्ड कंपन्यांना दिलेले उघड आव्हान असून ते कोणत्याही उत्सवात वाजवता येईल असे तजेलदार आहे. बैठकीत ते पहिली दोन कडवी ऐकवून थांबवले तरी चालेल.

‘ज्यूक जॅम’ मात्र वगळू नये असे माझे मत झाले आहे. रोलर स्केटिंगच्या रिंकवर भेटणाऱ्या किशोरवयीन मुलामुलीचे ते हळुवार गाणे आहे, आणि शुक्रवारची रिंक व रविवारचे चर्च या एकाच वस्तीतल्या मुलांच्या दोन जागा होत्या. एकीकडचे गाऊन दुसरीकडचे झाकून ठेवणे हा खोटेपणा झाला असता. ‘स्मोक ब्रेक’मध्ये नुकतेच मूल झालेल्या जोडप्याला निवांत बसायलाही सवड मिळत नाही, ‘सेम ड्रग्ज’मध्ये पीटर पॅनच्या गोष्टीतल्या वेंडीला उद्देशून मोठे होताना दुरावलेल्या मैत्रीविषयी बोलले आहे. ‘सेम ड्रग्ज’ हे गाणे अमली पदार्थांविषयी नाही, असा खुलासा चान्सला स्वतः करावा लागला होता. तो टिपणात एका ओळीत द्यावा, म्हणजे शीर्षक वाचून कोणाचा गैरसमज होणार नाही.

९ मार्च

‘फिनिश लाइन / ड्राउन’ हे तेरावे गाणे दोन भागांचे आहे आणि आल्बमचा खरा कळस मी त्यालाच मानतो. पहिला भाग धावता, टी-पेन या गायकासह. दुसरा एकाएकी संथ. या दुसऱ्या भागात शिकागोचीच कवयित्री-रॅपर नोनेम येते. तिचे बोलणे इतके हळू आणि आतले आहे, की इतका वेळ चाललेल्या जल्लोषानंतर श्रोत्याला पुढे वाकून ऐकावे लागते. श्रद्धा डळमळीत असलेल्या माणसाचा आवाज या आल्बममध्ये कोणाचा असेल तर तो तिचा. तिला त्या ठिकाणी, समाप्तीच्या इतक्या जवळ बोलू देणे हा मला या आल्बममधला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

तिच्या मागोमाग कर्क फ्रँकलिन बोलतो. त्याच्याविषयी श्रोत्यांना थोडे सांगावे लागेल. टेक्सासमधील फोर्ट वर्थचा हा माणूस गॉस्पेलमधील सर्वांत प्रसिद्ध नावांपैकी एक आहे, पण तो रूढ अर्थाने गायक म्हणून ओळखला जात नाही. वृंदापुढे उभा राहून तो बोलतो, चेतवतो, ओळ सुरू होण्याआधी तिची सूचना देतो आणि वृंदाकडून गाऊन घेतो. ‘कलरिंग बुक’च्या तीन महिने आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, कान्ये वेस्टच्या ‘अल्ट्रालाइट बीम’ या गाण्यात चान्सचे गाजलेले कडवे आणि फ्रँकलिनची प्रार्थना एकत्र आली होती, आणि ग्रॅमीच्या समारंभातही चान्सबरोबर मंचावर तो होता. वृंदप्रमुखाचे हे काम पाहिले की रॅप आणि गॉस्पेल यांच्यातले अंतर किती थोडे आहे ते कळते. लयीत बोलणे, बोलता बोलता आवाज चढवणे, आणि समोरच्यांना उत्तर द्यायला भाग पाडणे हे फ्रँकलिन रॅपच्या कितीतरी जवळ जाऊन करत आला आहे.

टिपणासाठी तारखा जुळवताना एक योग हाती लागला. थॉमस डॉर्सी २३ जानेवारी १९९३ रोजी शिकागोत वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याच शहरात चान्सचा जन्म झाला. कर्क फ्रँकलिनचा पहिला आल्बमही त्याच १९९३ सालचा. यावरून काही सिद्ध होत नाही, परंतु श्रोत्यांच्या लक्षात राहण्यासाठी हे साल उपयोगी पडेल, म्हणून कालपट्टीत ते घातले आहे.

१४ मार्च

टिपण पूर्ण झाले. दोन्ही बाजूंना छापलेले एक पान. सत्राचा क्रमही ठरला. आल्बम सलग ऐकवायचा की निवडक, यावर सहकाऱ्यांशी बराच खल झाला. वेळ दोन तासांचा आहे आणि चर्चेला किमान पाऊण तास हवा. सलग ऐकवल्यास निवेदनाला जेमतेम अठरा मिनिटे उरतात, पण तुकड्यांत ऐकवल्यास पहिल्या गाण्यातली मुले आणि तिसऱ्या गाण्यातला एकट्याचा क्वायर यांच्यातले अंतर कोणालाही कळणार नाही. म्हणून पहिली सहा गाणी सलग, निवेदनाशिवाय लावायची. मग डॉर्सी, शिकागो आणि टिळक यांविषयी मी दहा मिनिटे बोलायचे. त्यानंतर ‘ज्यूक जॅम’, आणि मग ‘हाऊ ग्रेट’पासून शेवटपर्यंत पुन्हा सलग. ‘मिक्सटेप’, ‘एंजल्स’ आणि ‘ऑल नाइट’ वगळली आहेत. ‘एंजल्स’ वगळताना मला वाईट वाटले, कारण शहरावरचे त्याचे प्रेम अगदी उघडे आणि उत्साही आहे, पण वेळेचे गणित जमेना. ज्यांना हवे त्यांच्यासाठी चहाच्या वेळात ते लावता येईल.

‘ब्लेसिंग्ज’ हे नाव आल्बममध्ये दोनदा येते, पाचव्या आणि चौदाव्या गाण्याला. पाचव्यात आशीर्वाद मिळाल्याची ग्वाही आहे. चौदाव्यात चान्स आधी जवळजवळ वाद्यांशिवाय, कविता वाचल्यासारखे बोलतो आणि मग टाय डॉला साइन, अँडरसन पाक, बीजे द शिकागो किड असे नामवंत गायक मिळून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा गातात: आशीर्वादासाठी तुम्ही तयार आहात का? एकट्यांनी गाजवण्याएवढी ही नावे, पण इथे ती वृंदातल्या जागेवर उभी आहेत. आल्बम त्या प्रश्नावर थांबतो. इतका वेळ आल्बममधलेच कोणीतरी उत्तर देत होते. शेवटची हाक मात्र ऐकणाऱ्याला आहे. म्हणून या गाण्यानंतर समारोपाचे भाषण ठेवलेले नाही, चर्चा थेट श्रोत्यांनी सुरू करायची आहे, आणि पहिले बोलण्याची विनंती मी काकांना केली आहे. त्यांनी ती मान्य केली आहे, फक्त निकोलचे गाणे आपल्याला आणखी एकदा ऐकायला मिळावे एवढी अट घातली आहे. ध्वनिव्यवस्थेच्या यादीत ‘हाऊ ग्रेट’ दोनदा लिहून ठेवले.